पिल्लाची झोळी

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी परवा मागच्या अंगणात लंगडणारं कोंबडीचं एक पिल्लू हातात घेतलं आणि आधी काय आठवलं असेल तर तुमची ती झोळी. डोकंच फिरलं माझं.

परदेशीपुऱ्यात घरामागे आपलं खुराडं होतं. दरबारचा घोडदळाचा रिसाला मोडला, घोडे लिलावात गेले, आणि घोड्यांचं दवापाणी करणारे तुम्ही मिलच्या फाटकावर चौकीदार झालात. मग अंगणातल्या कोंबड्या हाच तुमचा रिसाला. ड्यूटीवर जायच्या आधी रोज त्यांची पाहणी व्हायची. एकदा वीट घसरून माझ्या तांबड्या पिल्लाचा पाय मोडला. तुम्ही खराट्याच्या काडीचा आधार देऊन वर चिंधी बांधलीत. इथवर तुमच्या हाताला तोड नव्हती, मी मान्य करते. पण मग आईच्या जुन्या पोलक्याची झोळी शिवलीत आणि पिल्लाला त्यात घालून कपड्यांच्या दोरीला टांगलंत. मी म्हटलं, "आबा, ते बसू बघतंय." तुम्ही म्हणालात, "बसू द्यायचं नाही. आडवं झालेलं जनावर उठत नाही. रिसाल्यात पाय दुखावलेला घोडा आम्ही असाच टांगायचो, समझी?"

अहो, पण तो घोडा. घोडा उभ्यानं झोपतो. पिल्लाला पोट टेकल्याशिवाय झोप नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, तुम्हाला कळत नव्हतं. ते दोरीवर नुसतं ओरडायचं, दाण्याला तोंड लावायचं नाही. तुमची सायकल कोपऱ्यावर वळते आहे तोच आई म्हणते, "उतरव गं त्याला, लटकून जीव जाईल. ह्यांना कोण सांगणार." मी त्याला रॉकेलच्या कापलेल्या डब्यात चिंध्यांवर बसवते, चुलीच्या उबेला ठेवते, भिजवलेल्या कण्या बोटानं भरवते. मिलचा भोंगा झाला की पुन्हा झोळीत. असं करत करत पिल्लू चालायला लागलं. आणि तुम्ही मिशीला पीळ देत गल्लीभर सांगत सुटलात की झोळीनं केलं. शेजारच्या भाभींनी तुमचं ऐकून आपली दोन पिल्लं टांगली, ती दोन्ही गेली. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "भाईसाब, जैसा आपने बोला वैसा ही लटकाया." तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत, "झोळी ढीली बंधी होगी." मी दारात दातओठ खात उभी. आईनं मला आत ओढलं आणि म्हणाली, "राहू दे, एवढंच उरलंय त्यांच्याकडे."

पुढे तुम्ही मोरीत घसरलात आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, पलंगावरून उठायचं नाही. तुम्ही ऐकाल तर शप्पथ. आम्ही जरा नजरेआड झालो की भिंत धरून उभे. विचारलं की तेच, आडवं झालेलं जनावर उठत नाही. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. "आबा, ते पिल्लू डब्यात बसून बरं झालं. तुम्ही घरी असलात तेवढंच ते झोळीत असायचं. विचारा आईला." आईनं होकाराची मान हलवली. तुम्ही आम्हा दोघींकडे पाहिलंत आणि हसलात. "मला झोपवायला मायलेकी गोष्टी रचताय." दुसऱ्या सकाळी पुन्हा उठलात आणि पुन्हा पडलात. इतका संताप आला होता मला तुमचा. जन्मात माझं एक ऐकलं असतंत, आबा, एवढं एकच, तर चालते-फिरते राहिला असतात.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि पोचलं तरी तुम्ही म्हणाल, रचलंय. पण एक सांगते. दुसऱ्यांदा पडल्यावर तुम्ही खरंच निजलात, भिंतीकडे तोंड करून, अगदी डॉक्टर म्हणाले तसे. कुणाशी बोलणं नाही, कुणावर ओरडणं नाही. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला ते बघवेना. आई स्वयंपाकघरात असताना मीच तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, आबा, उठा.