उरलेल्या बोटी

१८ डिसेंबर १९४१, सुराबाया, जावा

डाउवे हूक्स्त्राची बोट परत आली नाही.

माझा एव्हर्ट डच आरमाराच्या तळावरून आला तो कुणाशी न बोलता थेट न्हाणीत गेला. अंगावर पाणी ओततोय, ओततोय – थांबेचना. शेवटी मी दाराबाहेरून विचारलं, "कोण?" म्हणाला, "डाउवे. सगळेच."

समोरच्याच घरात डाउवेची बायको त्रूस. तिला अजून कळलेलंसुद्धा नव्हतं! व्हरांड्यात बसून लेकीची, रीकाची वेणी घालत होती. रीका आमच्या लीनएवढीच, दोघींचं घर कुठलं ते त्यांनाच ठाऊक नाही. त्रूसने मला हात केला. मीही केला. दुसरं काय करणार होते?

२१ डिसेंबर

कोण गेलं ते सांगायला पाद्रीबाबाच येतात. हल्ली त्यांची सायकल गल्लीत शिरली की सगळ्या बायका पडदे ओढतात. पडदा ओढला की ते दुसरीच्या फाटकाशी थांबतील जणू! मीही ओढते.

२५ डिसेंबर

नाताळ. त्रूस आणि रीकाला जेवायला बोलावलं. आमच्या स्वयंपाकीण सारिनेमने कोंबडी केली होती, सांबालची चटणी नेहमीपेक्षा झणझणीत. बरं झालं – डोळ्यांत पाणी यायला सगळ्यांना निमित्त मिळालं.

त्रूस मात्र रडली नाही. हात धुता धुता एव्हर्टला म्हणाली, "खरं सांग. बुडाली की जळाली?"

"बुडाली. शांतपणे," एव्हर्ट म्हणाला.

ती गेल्यावर मला म्हणाला, "जळाली."

९ जानेवारी १९४२

आज एव्हर्ट हसला! कित्येक दिवसांनी.

कुणाचं तरी जहाज बुडालं होतं, माणसं फळ्यांना धरून तरंगत होती. भर समुद्रात, लाटांवर यांनी बोट उतरवली. (तो कधी 'विमान' म्हणत नाही. पोट पाण्यावर टेकवून बसते, पाण्यावरूनच उडते, म्हणजे बोटच – असं त्याचं म्हणणं.) एकेकाला आत ओढलं. इतके भरले की बोट उडेचना. मग शिधा फेकला, हत्यारांची पेटी फेकली, एव्हर्टचे बूटसुद्धा गेले. तरी नाही! "शेवटी बदकासारखी फतक फतक चालवत आणली गं," तो सांगत होता, "आणि मागे एकजण ओकतोय, एकजण प्रार्थना म्हणतोय, आणि एक बाबा मला विचारतोय – कॉफी मिळेल का?"

आई हसून हसून पदराला, म्हणजे तिच्या सारोंगला, डोळे पुसत होती. लीनने तीनतीनदा सांगायला लावलं.

४ फेब्रुवारी

काल तळावर बॉम्ब. घराच्या काचा गेल्या. सगळ्या पलंगाखाली होतो.

एव्हर्ट काळाठिक्कर होऊन आला. पाण्यावर नांगरलेल्या बोटी होत्या, त्यांच्यावर वरून गोळ्या. "हवेत असती तर काहीतरी करता आलं असतं," तो सारखं म्हणतोय. "नांगरलेली बोट म्हणजे दाव्याला बांधलेली गाय."

उरलेल्या बोटी आत कुठे तळ्यांत, दलदलीत नेऊन फांद्यांखाली लपवणार. कुठे, ते बायकांना सांगायचं नाही.

१६ फेब्रुवारी

सिंगापूर पडलं. आईने रेडिओ बंद केला आणि भाजी चिरायला घेतली.

२८ फेब्रुवारी

समुद्रातली लढाई आपण हरलो. तोफा इथपर्यंत ऐकू येत होत्या असं शेजारी म्हणतात. मी नाही ऐकल्या.

एव्हर्ट दाढी वाढलेला, चिखलाने बरबटलेला. उभ्या उभ्याच बोलला. उरतील तेवढ्या बोटी ऑस्ट्रेलियाला जाणार. बायकामुलांनाही नेणार. आमच्या बोटीत आमच्यासाठी जागा – मी, लीन, आई.

"मी नाही येत," आई म्हणाली.

"आई, उगीच हट्ट करू नका हो! जपानी दारात आलेत."

"मग येऊ देत. माझा जन्म इथला, नवरा इथे पुरलाय. आणि माझं वजन बघितलंस का? तुझी ती बोट पुन्हा बदकासारखी चालायची!"

कुणी हसलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "यो, समोरच्या त्रूसला जागा नाही मिळालेली. नवरा गेलेल्या बाईची कोण दखल घेतंय? माझ्या जागेवर तिला ने. रीका काय, मांडीवर मावेल. सारिनेम आहे माझ्याजवळ."

मी भांडले. ओरडले सुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि मेणकापड काढून पिशवी शिवायला बसली – कागदपत्रं गळ्यात अडकवायला. तिला सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. म्हणजे मी 'हो' म्हटलं.

२ मार्च

तळ्याकाठी. फांद्या काढून बोट उघडी केली. केवढी मोठी वाटायची, आता एवढीशी दिसते.

आईने लीनचा मुका घेतला, रीकाचाही घेतला. माझा घेतला नाही. "तू जा बरं लवकर," एवढंच.

७ मार्च, ब्रूम, ऑस्ट्रेलिया

लिहिलं पाहिजे. नाहीतर डोक्यात तेच ते फिरत राहतं. वही आईच्या पिशवीत गळ्यात होती. वही तेवढी वाचली.

तिसरी तारीख. सकाळी इथल्या बंदरात उतरलो. आमच्यासारख्या कितीतरी बोटी आधीच नांगरलेल्या, सगळ्या बायकामुलांनी भरलेल्या. ओहोटी होती, किनारा म्हणजे लांबच लांब चिखल. न्यायला एकच लाँच. थांबा म्हणाले. एव्हर्ट वर पंखावर टाकी बघत होता. पोरी खिडकीला नाक लावून.

त्रूस म्हणाली, "यो, मी जरा डोळे मिटते. पोरींकडे बघशील?"

"बघते," मी म्हटलं.

मग जपानी विमानं, आणि ते आवाज. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. धूर. कुणीतरी मला दारातून ढकललं. पाण्यावर तेल, तेलाला आग. मी "लीन! लीन!" ओरडत होते. हाताला फ्रॉक लागला. ओढला. मान वर धरली. "आईला धर, घट्ट धर" – सारखं हेच म्हणत होते. तिने धरलंही, माझ्या गळ्यात नखं रुतेपर्यंत. तेलाने तिचं तोंड, केस, सगळं काळं. आग चुकवत, बुडत, पुन्हा वर येत किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाय चिखलाला लागले.

तिथे बसून झग्याने तिचं तोंड पुसलं.

रीका होती.

सबंध वाटेत ती एकदाही म्हणाली नाही, मी लीन नाही म्हणून. नुसती गळ्याला मिठी मारून होती.

एव्हर्ट वाचला. स्फोटाने पाण्यात फेकला गेला, हात भाजलेत. संध्याकाळी त्याला लीन सापडली. मला बघू दिलं नाही. लाल मातीत पुरलं, इतरांच्या ओळीत. त्रूस सापडली नाही. बरेच जण सापडले नाहीत.

बंदरातली एकही बोट उरली नाही.

२० मार्च, पर्थ

इथे एका घरात खोली मिळालीय. मालकीण मिसेस ट्रेगियर. मटण उकडतात, मीठही घालत नाहीत. बाई मात्र चांगली. रीकाच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाली, "गोड आहे हो तुमची मुलगी."

मी मटण चिरून रीकाच्या ताटात वाढलं.

आईची काहीच खबर नाही. जावा जपान्यांच्या हाती गेलं.

२ एप्रिल

एव्हर्टला सिलोनला जायचा हुकूम. तिकडे नव्या बोटी गोळा करतायत, उरलेल्या माणसांना जमवतायत. हातांच्या पट्ट्या सुटल्या नाहीत तोवर!

"जाऊ नकोस," म्हटलं.

"इथे बसून काय करू, यो? ती समोर खेळते, आणि मी..." तो तिला उचलत नाही. तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

"तिला काय सांगू? तिच्या आईचं?"

"विचारेल तेव्हा बघ."

निघताना रीकाच्या बुटाची नाडी सुटलेली त्याला दिसली. गुडघ्यावर बसला. बोटं धड वळत नव्हती, तरी बांधली. दुहेरी गाठ मारली. मग गेला.

१९ एप्रिल

रीका पायऱ्यांवरून पडली. गुडघा फुटला. रडत मागच्या दाराने पळत आली – "आई!"

मी ओ दिली.

पुढे दिवसभर ती तसंच म्हणत होती, मुद्दाम, जरा भीत भीत, माझं तोंड बघत. मी दर वेळी ओ दिली. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लीनसाठी रडत होते, पण नुसतं लीनसाठी नाही. बरं वाटलं होतं मला. तेच सहन होईना.

४ मे

आज ती झोपेत माझा हात धरून होती. भाताची पेज केली, सगळी संपवली. गाल भरतायत. इथली जूनची थंडी सुरू व्हायच्या आत तिला लोकरीचा स्वेटर विणायचा. निळा.

११ मे

त्रूस जिवंत आहे.

इथेच, पर्थच्या इस्पितळात. भाजलेली, शुद्ध नसलेली, भलत्याच नावाने पडून होती. आता बोलायला लागलीय. पहिल्यांदा रीकाचं नाव घेतलं म्हणे.

उद्या सकाळी रीकाला तिच्याकडे घेऊन जायचंय. फ्रॉक धुवून वाळत टाकलाय. रीकाला अजून सांगितलेलं नाही. ऊन कडक आहे, वाळेल लगेच.