दादाने उचललेली बॅग

१४ मार्च

दादा,

वर्षभर पत्र नाही, रागावू नकोस.

काल संसदेतलं तुझं भाषण ऐकलं. "नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईला कायद्याने पाठीशी घालू नये!" बाकं वाजली. आजवर प्रत्येक भाषण तू आधी मला फोनवर म्हणून दाखवायचास. हे नाही दाखवलंस.

मी नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा माझी बॅग तूच उचलली होतीस. "चल गं वेडाबाई, लोक चार दिवस बोलतील."

उद्या तुझ्या सत्कारात पक्षाने मला बोलायला सांगितलंय. "ताई, भाऊ म्हणून साहेब कसे, तेवढं सांगा." खरं सांगितलं तर तुझं तिकीट जाईल. गप्प बसले, तर त्या भाषणाला माझीच साक्ष होईल. दुपारपासून नुसत्या येरझारा घालतेय.

तुझी,
वेडाबाई

उद्याचं भाषण: बॅगेपासून सुरुवात करायची.