क्लिपचे साचे कोणाच्या घरी राहतील

मी केसरबाई कोंडीराम जगदाळे, वय अंदाजे पंचावन्न, धंदा पत्र्याचे सुटे भाग करून देणे, राहणार भोसरी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. सोमवारी पिंपरीच्या दवाखान्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखे काही नाही. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता माझ्या मुलाकडे बघत होते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेले नाही की फूस लावलेली नाही. मला दटावणारा एकच माणूस होता, तो वारला, आणि त्याचेही मी फारसे ऐकत नव्हते.

कलम १. राहते घर मुलगा ज्ञानदेव यास. मात्र मागची खोली माझी मुलगी नीला हिची. ती बाळंतपणाला येवो, रुसून येवो, तिने कोणाची परवानगी मागायची नाही. माहेर म्हणजे भावाची मेहेरबानी नव्हे.

कलम २. बोरमाळ आणि पाटल्या नीलाला. पोस्टात जे असेल त्यातून दवाखाना भागवावा, उरेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. तेराव्याला गाव जेवायला घालू नये. जिवंतपणी माझ्या घरी चहालाही न आलेले लोक त्या दिवशी बरोबर येतात.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ, आम्ही जिला माल देतो त्या पिंपरीच्या कंपनीच्या खरेदी खात्यातील उद्धवरावांना द्यावे. ते कायम मागे पडते. आमची बिले नेहमी उशिरा काढणाऱ्या माणसाला ते शोभेल. दर दिवाळीला माझ्याकडून पेढ्यांचा पुडा घेऊन हाच गृहस्थ पाडव्यानंतर म्हणायचा, "बाई, यंदा दर थोडा खाली घ्या, बाहेर स्वस्तात करणारे पुष्कळ आहेत." पेढे परत मागावेत असे फार वाटे.

कलम ४. आता धंदा. माझे यजमान पिंपरीच्या कंपनीत साचे करणारे कारागीर होते. कंपनीने त्यांना सांगितले, नोकरी सोडा, बाहेर काम घ्या, मालक व्हा. यजमान हुरळले. कंपनीला त्यांचे हात हवे होते. पगार, रजा आणि ओव्हरटाइम नको होता. स्कूटरच्या ब्रेकची तार धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप आम्ही करू लागलो. तिचे साचे यजमानांनी कानस घासून स्वतः केले, ते कंपनीचे नाहीत. पुढे शेड परवडेना, तेव्हा हाताने फिरवायचे तीन प्रेस मी दिघीत तीन घरी ठेवले. कौशल्याबाई ओव्हाळ पत्रा कापते, सुमनताई भोक पाडते, कस्तुरा वाकवते. लेकरू झोळीत आणि हात दांड्यावर, असे त्यांचे काम चालते. साचे तेवढे दर शनिवारी संध्याकाळी धार लावायला माझ्या घरी येतात. म्हणजे कंपनीने आमच्याशी जे केले तेच मी त्यांच्याशी केले. पण त्या बायांना घराबाहेर नोकरी कोण देत होते, हेही लिहून ठेवते. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही मला टोचते.

सबब, तिन्ही प्रेस ज्ञानदेवाला, या अटीवर की ते त्या तीन घरांतून हलवू नयेत.

कलम ५. वरील अट ज्ञानदेवाला वाचून दाखवली. पोरगा डिप्लोमा झालेला आहे, लगेच म्हणाला, "आई, प्रेस नाही हलवत. राहू देत तिथेच. काम मात्र मी चाकणला देणार." चाकणला कांद्याच्या बाजारामागे एका ठेकेदाराची शेड आहे. दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसे तिथेच राबतात आणि तिथेच झोपतात, म्हणून त्याला कमी दर परवडतो.

मी म्हणाले, "आणि बायांनी काय करायचं?"

"आपण दर खाली नाही आणला, तर उद्धवराव काम थेट चाकणला देतील. मग त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. बोल, काय करू?"

तो खोटे बोलत नाही, म्हणूनच झोप उडाली आहे. आजवर कंपनीने दर कापला की तो घाव मी माझ्या अंगावर घेतला, बायांपर्यंत जाऊ दिला नाही. त्याला पुढे संसार करायचा आहे, तो किती दिवस घेईल? तरी माझा राग आहे तो आहेच. कलम ४ मधील प्रेसची वाटणी अटीसकट रद्द समजावी.

कलम ६. तिन्ही प्रेस तीन बायांना कायमचे बक्षीस. हे सांगायला मी रिक्षाने दिघीला गेले. वाटले होते, कौशल्याबाईच्या डोळ्यांत पाणी येईल. ती दांडा न थांबवता म्हणाली, "काम न्हाई तर ह्ये लोखंड ठिवू कुटं, बाई? निम्मी खोली ह्यानंच खाल्लीया. काम कुनाला दिलंय त्ये लिवा."

घरी येऊन अण्णासाहेबांना विचारले. ते कोर्टातले निवृत्त कारकून, आमचे शेजारी. म्हणाले, "काम तुमच्या मालकीचे नाही केसरबाई, कंपनीचे आहे. ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही." चडफडत बसले. भाकरीही करपली.

कलम ७. भाकरी करपताना सुचले ते असे. काम माझे नाही, पण साचे माझे आहेत. साच्याशिवाय प्रेस म्हणजे नुसता दांडा, आणि चाकणवाल्याकडे हे साचे नाहीत. नवे करायचे, नमुने पास करून घ्यायचे, यात महिने जातात, आणि क्लिपवाचून स्कूटर बाहेर पडत नाही. म्हणून माझ्या मरणानंतर तिन्ही साचे त्या तिघींना एकत्र मिळावेत. तिघींच्या संमतीशिवाय एकही विकता येणार नाही. कंपनीशी व्यवहार ज्ञानदेवाने बघावा. त्याच्याकडे ऑर्डर, त्यांच्याकडे साचे. एकमेकांवाचून दोघांचेही अडेल, मग दर समोरासमोर बसून ठरवतील. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मला उद्धवरावांनीच शिकवले.

ज्ञानदेव तणतणला, "म्हणजे उद्यापासून मी त्यांच्या दारात उभा राहायचं?" मी म्हटले, व्हय. त्याच्या बापानेही कंपनीच्या दारात उभे राहूनच त्याला शिकवले.

कलम ८. आज पुन्हा दिघीला गेले. हे कलम कौशल्याबाईला वाचून दाखवले. या खेपेला तिने दांडा थांबवला, हात पुसले.

"बाई, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"तुमी दवाखान्यातनं बऱ्या हून आलाव, तर साचं कुनाचं?"

मी म्हणाले, "माझेच की."

"मंग तुमी मेल्यावरच आमाला दर इचारायचा म्हना की. आन तुमी तर बऱ्या व्हाव्या असं आमी रोज म्हनतो."

मला इतका राग आला की मी चहा न घेता उठले. हिला इतकी वर्षे काम दिले, कधी दर कापला नाही, आणि ही तोंडावर असे बोलते! रिक्षात मनाशी तिच्याशी भांडले, घरी येऊन भांड्यांशी भांडले. पण दर कापला नाही, तसा तो ठरवताना तिला कधी विचारलाही नव्हता. आणि मेल्यावर जे देताना माझे काहीच जात नाही, ते दिले कसे म्हणायचे? संध्याकाळी रिक्षा परत बोलावली, साचे पोत्यात घातले आणि तिघींच्या घरी पोचते केले. भिमाजी चहावाला ओझे उचलायला बरोबर होता.

सबब कलम ७ मधून साचे वगळावेत. ते आजपासून माझे नाहीत, म्हणून ते मृत्युपत्रात येत नाहीत. बाकी सर्व कायम.

ऑपरेशनमधून वाचले, तर उठून बसता येताच मला दिघीला जायचे आहे. नवा माल काढायला दर काय घेणार, हे कौशल्याबाईला विचारायचे आहे. ती काय सांगेल याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती वाटते.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, पटले. निदान आज रात्रीपुरते.

सही : केसरबाई कोंडीराम जगदाळे

आम्हा दोघांसमक्ष सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही :
१. अण्णासाहेब बाबूराव शितोळे
२. भिमाजी सखाराम डोळस

मुक्काम भोसरी, शनिवार, ता. ७ नोव्हेंबर १९८१