उपवासाचं धरत नाहीत

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ
चार्जर लेबर कॅम्पवर राहिला, मोबाईल मेला. म्हणून लिहितोय. नाहीतर लिहिण्याचा आणि माझा संबंध आठवीतच खलास झालाय.
ॲडमिट झालो. कारण किरकोळ. सेफ्टी शूजने उजव्या करंगळीला फोड आला, फुटला, थोडं काळं पडलं. तेवढ्यावरून डॉक्टर हनान मॅडमनी रक्त तपासून शुगर काढली. मॅडम इजिप्तच्या, हिंदी पिक्चर बघून शिकलेली हिंदी बोलतात. म्हणाल्या, टाइप टू डायबेटीस. सत्ताविसाव्या वर्षी! टाइप टू म्हणजे दोन नंबरचा. म्हणजे हलकाच असणार.
दसऱ्याला सकाळी रुवैसच्या साईटची बस. रिफायनरीचं शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद. स्कॅफोल्डिंगचं, परांच्या बांधायचं काम, ओव्हरटाइम भरपूर. फोरमनने माझी सीट धरलीय. मॅडम म्हणतात शुगर उतरली तरच जखम भरेल, नाहीतर करंगळी काढावी लागेल. मी म्हटलं उतरवतो. त्यात काय.

२० सप्टेंबर, शनिवार
शेजारच्या बेडवर संजयभाऊ. संगमेश्वरचे, गवंडी, पन्नाशीचे. छातीत कफ आणि शुगर. त्यांना दिवसाला चार सुया: रात्री एक लांब पल्ल्याची, शिवाय प्रत्येक जेवणाबरोबर एक छोटी. मला फक्त रात्रीची. बाकी वेळा बोट टोचतात, आकडा जास्त दिसला तर थोडं इन्सुलिन देतात. मॅडम म्हणाल्या, दोन्ही पद्धती आहेत, तुझं आधी कमीत भागतं का बघू.
यावरून सिरीयस कोण ते कळतं. संजयभाऊंना धीर दिला. ते म्हणाले, झोपू दे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
पक्कं ठरवलं. नवरात्राचे उपवास, एक दिवस चुकवायचा नाही. खाणं बंद तर शुगर बंद. एवढं शिकलेल्या लोकांना हे सुचत कसं नाही? देवीचा आशीर्वाद वर फुकट. दसऱ्याला सीमोल्लंघन, थेट रुवैस.
मॅडमना सांगितलं, फास्टिंग. त्यांनी खूप समजावलं. आजारी माणसाला आमच्यात रोजाही माफ असतो म्हणाल्या, पाणी तरी पी. मी म्हटलं पाणी पितो. मान हलवत कागदावर लिहून घेतलं. माझ्याबद्दल आदर वाटला असावा. सिस्टर शायनी, केरळची, जेवणाचा ट्रे आला तसा परत घेऊन गेली.
ड्यूटी संपवून नीलेश आला. मुहैस्नाहच्या कॅम्पात त्याचा बंक माझ्या वर. साबुदाण्याची खिचडी करून डब्यातून आणलेली, बटाटा आणि दाण्याचं कूट सढळ हाताने. वर खजूर. असा मित्र मिळायला नशीब लागतं. चार्जर मात्र विसरला.
खिचडीचं सिस्टरला सांगितलं नाही. उपवासाचं काही खाण्यात धरत नाहीत.

२४ सप्टेंबर, बुधवार
डोकं फिरलंय. संजयभाऊंची शुगर एकशे साठ. माझी दोनशे नव्वद. तो माणूस तिन्ही वेळा चपात्या हाणतो आणि त्याची उतरते. मी उपाशी आणि माझी चढते!
एकच अर्थ निघतो. त्यांना चांगलं इन्सुलिन देतात आणि मला उरलेलं. त्यांच्या सुईच्या पेनाचा रंगपण वेगळा आहे. मॅडमना स्पष्ट सांगितलं, मलाही चार पाहिजेत. त्या बराच वेळ आकडे बघत बसल्या. मग हो म्हणाल्या. बोलणाऱ्याची माती विकली जाते ती अशी.
नीलेशने रताळी आणली. तुपावर परतलेली, गूळ घालून. चार्जर नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
फसवणूक. जेवणाची सुई जेवणाऱ्यालाच देतात म्हणे, नाहीतर शुगर धाडकन पडते. ट्रे आला की सिस्टर विचारते, खाओगे? मी म्हणतो उपवास. की तिने सुई ठेवलीच परत. कागदावर चार, अंगात एक. आकडा चढला की थोडं देतात, ते कुठे पुरतंय.
भांडलो. ती म्हणाली खाना खाओ, सुई लो. देवीपेक्षा सुई मोठी झाली हिला.

२७ सप्टेंबर, शनिवार
तीनशे वीस. रात्रीची सुई दुसऱ्यांदा वाढवली. आज तीन डॉक्टर बेडभोवती. एकाने विचारलं, खरंच काही खात नाही? माझ्याआधी सिस्टर शायनीनेच माझी बाजू घेतली. ट्रेला हात लावत नाही म्हणाली. भांडण झालं तरी बाई खरी.
संजयभाऊंना डिस्चार्ज. जाताना माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मिथुन, त्या डब्याचं सांगून टाक रे बाबा."
एकदाही खिचडी विचारली नाही म्हणून राग असणार. कोकणातला माणूस, आणि उपवासाचं कळू नये?

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी
नीलेश कालपण आला नाही, आजपण नाही. कसलंतरी सेफ्टी ट्रेनिंग आहे असा वॉर्डच्या फोनवर निरोप. म्हणून कालपासून नुसतं पाणी. एकदम कडक उपवास. स्वतःचाच अभिमान वाटला.
दुपारी चमत्कार. आधी घाम फुटला. मग हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, सिस्टर एकीच्या दोन दिसायला लागल्या. मी लगेच ओळखलं. अष्टमीला गावात आशाआत्याच्या अंगात येते तेव्हा अस्सं होतं. सिस्टरला म्हटलं, देवी आलीय, पाया पड, विचारायचं ते विचारून घे. तिने पाया पडायच्या ऐवजी बोट टोचलं आणि ज्यूस तोंडाला लावला.
आकडा अठ्ठेचाळीस.
देवी दोन ग्लास ज्यूस पिऊन गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार
चौकशी. मॅडम खुर्ची ओढून बसल्या. न खाणाऱ्या माणसाची तीनशे कशी जाते आणि काल अठ्ठेचाळीस कशी आली? काल वेगळं काय केलंस?
मी म्हटलं, वेगळं काही नाही. काल फक्त खिचडी नव्हती.
सिस्टरने लॉकरखालून नीलेशचा डबा काढला. तळाला साबुदाण्याचे दोन-चार दाणे चिकटलेले. एक बोटावर घेऊन चोळला. म्हणाली, "ये तो कप्पा है." तिच्या गावात कप्पा नावाचा कंद उकडून पोटभर जेवतात, त्याच कंदाचा साबुदाणा करतात म्हणे. मला कोणी सांगितलं होतं?
मी समजावलं. उपवासाचं जेवणात धरत नाहीत, आमच्याकडे कोणीच धरत नाही.
मॅडम म्हणाल्या, "देवी नहीं गिनती, ठीक है. मशीन गिनती है."
मग करंगळी दाबून पाहिली. राहील म्हणाल्या, इन्शाल्ला. पण बूट दोन महिने घालायचा नाही.
बूट नाही तर साईट नाही. तरी फोरमनला उद्या सकाळी वॉर्डमधून फोन लावतो. चप्पल घालून वरची नाही, खालची कामं तर होतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी सिक्युरिटीवाला चार्जर देऊन गेला. नीलेशने गेटवर ठेवलेला. शेवटी आठवण झाली.
मोबाईल चालू केला. पहिलाच फोटो नीलेशचा. रुवैसची बस, खिडकीची सीट. डोक्यावर माझं हेल्मेट, मार्करने लिहिलेलं माझं नाव स्पष्ट दिसतंय. खाली लिहिलंय, फोरमनने तुझ्या जागी मला घेतलं, रागावू नको, सोनं घे. साबुदाणा पातेल्यात भिजत राहिलाय, रूमवर कोणालातरी सांग.
फोरमनला फोन लावला नाही.
ट्रे आला. दोन चपात्या, डाळ, कोबी. सिस्टरने विचारलं, खाओगे? हो म्हटलं. जेवणाची सुई पहिल्यांदा मिळाली. संध्याकाळी एकशे सत्तर.
सीमोल्लंघन केलं. बेडपासून बाथरूमपर्यंत, वॉकर धरून. उंबऱ्याला अडखळलो, तर सिस्टरने धरलं.