आईच्या गोळ्यांचा कागद

शुन्सुके,

आईला दवाखान्यात ठेवलंय. आता बरी आहे, सलाईन लावलंय. तिचे कपडे न्यायला मी घरी आले होते.

तू फ्रिजवर चिकटवलेला कागद मी काढलाय. 'सदर औषधाचे सेवन भोजनांच्या मध्यंतरी करावे.' आईला असं लिहितात का रे? नगरपालिकेच्या नोटिसा लिहून लिहून तुझा हातच तसा वळलाय. तुला म्हणायचं होतं, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत; तिला वाटलं, जेवता जेवता मध्येच थांबून गोळी घ्यायची. चार दिवस ती अर्धा भात झाला की चॉपस्टिक खाली ठेवून गोळी घ्यायची, मग मळमळायचं आणि उरलेला भात तसाच राहायचा. आज सकाळी चक्कर येऊन पडली.

तुला विचारलं का नाही, म्हटलं, तर म्हणे, "एवढं नीट लिहून दिलंय त्यानं, परत कसं विचारू?" वर डॉक्टरांपुढे वाकून माफी मागितली, "मुलानं बरोबरच लिहिलंय, मलाच कळलं नाही." तेव्हा तू समोर असतास तर तुझी खैर नव्हती.

मी नवा कागद लिहायला घेतला, तर म्हणाली, "राहू दे, शुन्सुके लिहील." तेव्हा बस आणि लिही. शेजारच्या बालवाडीत दहाची गाणी लागली की एक गोळी, तेव्हा काही खायचं नाही. एवढंच, मोठ्या अक्षरात.

मग तो तिच्याकडे घेऊन ये. कळलं का, असं विचारू नकोस, ती हो म्हणेल. गोळी कधी घ्यायची, ते तिच्याच तोंडून ऐक.

भात कुकरमध्ये आहे.

मिसाएताई