पाठपोट

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली, घरही मिळालं, आणि दोन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. धाकटी सकाळपासून पडदे शिवत बसली आहे. म्हणते की ताई, तू पगार आण, घराला अब्रू मी आणते. आम्हा दोघी बहिणींना दोन खोल्या भरपूर झाल्या.

इस्पितळाच्या तळमजल्यावर रिपोर्टांची खोली आहे. एक नवाकोरा प्रिंटर, दोन टेबलं आणि हेडक्लार्क, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. इस्पितळ लहान, बायका-पुरुष मिळून वर एकच वॉर्ड. रोज दुपारी वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांचे तपासणीचे रिपोर्ट एका दमात छापायचे, खाटेच्या क्रमाने. कागदाची बचत व्हावी म्हणून साहेबांनी पाठपोट छपाई सुरू केली आणि तिथेच घोळ झाला. एकाचा रिपोर्ट कागदाच्या पुढच्या बाजूवर संपला की दुसऱ्याचा त्याच कागदाच्या पाठीवर सुरू होतो. मग तो कागद लावायचा कुणाच्या फाइलीत? वॉर्डातल्या सिस्टर रोज तात्यांच्या नावाने बोटं मोडतात म्हणे. हे निस्तरायला मला घेतलंय.

बुधवार, ५
जमलं. एखाद्याच्या पानांची संख्या विषम भरली, तर शेवटी एक कोरं पान आपोआप पडतं. पाठ कोरी राहते आणि पुढचा पेशंट नव्या कागदावर सुरू होतो. सांगायला दोन ओळी, करायला दोन दिवस. तात्यांनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले की पोरी, आज मला जेवण गोड लागेल.

गठ्ठा मीच वर नेऊन दिला. सिस्टर चक्क हसल्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक वयस्कर गृहस्थ आहेत, वॉर्ड त्यांना मामा म्हणतो. फुप्फुसांत पाणी भरलंय, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. धाप लागत होती, तरी मला बसवून घेतलं, घरचं विचारलं. मी त्यांचं विचारलं तर म्हणाले की मला मागेपुढे कुणी नाही. वाईट वाटलं.

सोमवार, १०
एका जागी चूक राहिली आहे. मामांच्या शेवटच्या पानाची पाठ कोरी राहत नाही. बाकी सगळीकडे नियम चालतो, पण त्यांच्यापाशी आलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंट त्यांच्याच कागदावर सुरू होतो. आज तिथे अपेंडिक्सचा ट्रक ड्रायव्हर होता, दोन दिवसांत घरी जायचाय. सिस्टरना म्हटलं, आजचा दिवस चालवून घ्या.

गुरुवार, १३
ड्रायव्हर गेला. टाके काढून झाले होते, बायको घरचे कपडे घेऊन आली होती, आणि बघता बघता फुप्फुसं पाण्याने भरली. सिस्टरनी त्याच्या खाटेवरची चादर काढता काढता सांगितलं. मामा मात्र आज उठून बसलेत.

चूक सापडत नाही.

मंगळवार, १८
त्या खाटेवर मूतखड्याचे एक शाळामास्तर आले होते. त्यांचा रिपोर्टही मामांच्या पाठीवर आला. आज मास्तर गेले. तसेच, छाती भरून.

तात्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काय? पण बोलताना मामांचा कागद त्यांनी टेबलावर टाकला आणि हात शर्टाला पुसले.

जिन्यात मामा भेटले. काठी न घेता उतरत होते. गाल भरलेत. म्हणाले की आता माझ्या मागे माणसं आहेत बरं का.

बुधवार, १९
धाकटी पडदा लावताना स्टुलावरून पडली. मांडीचं हाड मोडलंय. पायाला वजन बांधलंय, घरी नेता येणार नाही. मी वर पोचले तोवर तिला खाट मिळालीही होती. वॉर्डात एकच रिकामी होती.

गुरुवार, २०
सिस्टरच्या पाया पडले. त्यांनी काही न विचारता धाकटीची खाट दाराजवळ हलवली. क्रम बदलला. मग छापलं. मामांचं शेवटचं पान उलटलं — धाकटी.

एकाच बाजूने छापायला लावलं. प्रिंटरने कागद परत आत ओढला, उलटवला. धाकटीचा एकटीचा रिपोर्ट काढला. तिचं पहिलं पान पाठीवर आलं. पुढच्या बाजूला मामा.

तिला खोकला सुरू झालाय. म्हणते, धुळीचा.

शुक्रवार, २१
खाट हलवून भागत नाही, पण यादीत मामा आणि धाकटी यांच्या मध्ये हाताने दुसरं नाव घातलं तर ते टिकतं. स्क्रीनवर घालून पाहिलं. पण कुणाचं? यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. म्हातारीची सून रोज तिची वेणी घालून देते. पोटाच्या विकाराच्या बाईला दोन पोरं. प्रत्येकाला कुणीतरी आहे.

दुपारी लॅबमध्ये जाऊन माझंच रक्त तपासायला दिलं, पेशंट म्हणून माझं नाव घातलं. रिपोर्ट एका पानाचा आला, सगळं ठीक. हिशोब सरळ आहे. मामांची पाठ माझ्या एका पानाने भरेल आणि धाकटी नव्या कागदावर सुरू होईल.

छापलं. तसंच आलं. तिचा कागद कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

रविवार, २३
धाकटीचा खोकला थांबला. पोटभर जेवली. म्हणाली की ताई, पडले मी आणि तोंड तुझं उतरलंय. दोघी हसलो.

हसताना मला धाप लागली.

मंगळवार, २५
मलाही दाखल केलं. धाकटीला सांगू नका म्हटलं, पण समोरच तर आहे ती, दाराजवळ. बघते.

डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहिल्या. मी नको म्हटलं. एक पान पुरे — त्यांनी ऐकलं नाही. वाढीव तपासण्या म्हणजे दुसरं पान. दुसरं पान म्हणजे नवा कागद, पुढची बाजू. आणि त्याच्या मागे —

तात्यांना निरोप धाडलाय. कोरं पान घाला. हाताने घाला. माझ्या नंतर —

बुधवार, २६
मामा येऊन बसले. उद्या घरी सोडतायत. सफरचंद सोलून खाल्लं. जाताना मला हात जोडले.

तात्या आले. वर बघेनात. म्हणाले, कोरं पान घातलं होतं गं. परत परत घातलं. कागद उशाशी ठेवून गेले. माझं दुसरं पान.

दाराकडून खोकला. दाबते आहे, मला कळू नये म्हणून.

कागद उलटायला हात — श्वास पुरत —

उलटला.

तिचं नाव. धाकटी. माझ्या पाठीवर —