आडवाटेचं फिशन

सोमवार, ३ मार्च
बीम मिळाला! कणांचा झोत सोडणारा ॲक्सिलरेटर शुक्रवारपर्यंत आपला. आजपासून चिडचिड बंद, चहा बंद. या खेपेला निकाल नाही तर नोकरीला मुदतवाढ नाही, आणि संस्थेचं क्वार्टर खाली करायचं. बायकोला म्हटलं, काळजी करू नकोस. ती म्हणाली, तू असं म्हणालास की जास्तच वाटते.

मंगळवार, ४ मार्च, सकाळ
सासऱ्यांना फोनवर पद्धत समजावली. हवं ते प्रोटॅक्टिनियम महिनाभरात निम्मं विरतं, त्याच्यावर न्यूट्रॉन मारणार कधी? म्हणून टिकाऊ थोरियमवर लिथियम मारायचं, तोच तापलेला अणुगर्भ आडवाटेने घडवायचा आणि तो किती वेळा फुटतो, म्हणजे फिशन होतं, ते मोजायचं. सासरे म्हणाले, आम्हीही तुमच्या थोरल्या भावाकडे बघूनच तुम्हाला होकार दिला होता.

दुपार
काउंट नाही, म्हणजे फुटल्याची नोंद नाही. एकही नाही. चहा घेतला.

बुधवार, ५ मार्च
सरांनी विचारलं, काही येतंय का? म्हटलं, येण्याच्या बेतात आहे. डिटेक्टर उघडले, केबली बदलल्या, पल्सर लावून खोटे सिग्नल सोडून पाहिले. यंत्रणा ठणठणीत! म्हणजे दोष थोरियमचाच. ऑपरेटरवर ओरडलो. (चिडचिड नव्हे, सूचना.)

गुरुवार, ६ मार्च
काउंट! धो धो! एकसारखे, शिस्तीत, ठराविक अंतराने. निसर्ग इतका टापटिपीचा असेल असं वाटलं नव्हतं. सरांना ग्राफ पाठवला. पेपरचं नाव ठरलं. लेखकांत ऑपरेटरला घ्यावं का? बघू.

शुक्रवार, ७ मार्च, दुपार
बीम बंद झाला. काउंट चालूच! बीमशिवाय फिशन! हा तर नवाच शोध.

संध्याकाळ
पल्सर बंद करायचा राहिला होता. बटण दाबलं. फिशन थांबलं.
खुर्चीवर बसून रडलो. पुढचा बीम वर्षाने.

शनिवार, ८ मार्च
सरांकडे गेलो. जिन्यात व्होल्टेजवर ढकलायचं ठरवलं होतं, दारात पोचेपर्यंत ऑपरेटरवर. तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, ग्राफ बघताच पल्सर ओळखला होता, तुम्हाला कधी कळतंय तेवढंच बघत होतो. मुदतवाढ नाही.
बायकोला कसं सांगायचं, याचा विचार करत घरी आलो. दारातच रिकामी खोकी रचलेली. विचारलं, सरांचा फोन आला होता का? ती म्हणाली, छे, परवा तू शीळ घालत घरी आलास ना, तेव्हाच आणून ठेवली.